गोठ्यातलं लुगडं

आमच्या म्हशीला माझ्या मायशिवाय दुसरं माणूस चालत नव्हतं. बाबा धार काढायला बसले की ती मागचे पाय झाडायची. आत्या बसली की शेणानं भरलेली शेपटी तिच्या तोंडावर हाणायची. आणि मी बसले तर दूध असं वर चढवून ठेवायची की माझी बोटं दुखून यायची, पण दुधाच्या गंजाचं बूड ओलं व्हायचं नाही. तिचं वगार जन्मून आठव्या दिवशी मेलं होतं. तेव्हापासून तिचा सगळा जीव मायवर. माय नुसती जवळ जाऊन उभी राहिली तरी तिला पान्हा फुटायचा.

पण बाईमाणसाला महिन्यातून तीन दिवस बाजूला बसावं लागायचं. त्या दिवसांत मायनं गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. मग दूध काढायचं कोणी? त्यावर आमच्याकडच्या बायांनी एक तोड काढलेली होती. धार काढणारीचं एक जुनं लुगडं गोठ्यातच खुंटीला टांगलेलं असायचं. तिनं रोज तेच अंगाभोवती गुंडाळून धारेला बसायचं, आणि तिच्या बदली दुसरी बसली तर तिनंही तेच अंगावर घ्यायचं. म्हैस मान वळवून हुंगते, तिला वाटतं आपलीच बाई आली, आणि ती दूध सोडते. पथ्य एकच. ते लुगडं धुवायचं नाही. कधीच नाही.

आता दोन वर्षं न धुतलेल्या लुगड्याला काय वास येत असेल, तुम्हीच सांगा. मायचा घाम, भिजवलेल्या सरकीच्या ढेपीचं पाणी, शेण, सांडून आंबलेलं दूध, चुलीचा धूर, सगळं त्यात मुरलेलं. मला त्याची किळस यायची. शाळेत माझ्या मागं बसणारी एक पोट्टी माझ्याकडं पाहून नाक दाबायची, म्हणून तर फारच. एकदा माय गोठ्यातून आली ती तशीच माझी वेणी घालायला बसली, तर मी तिचे हात झटकून टाकले.

"दूर हो! तुह्या अंगाले म्हशीचा वास येते."

माय खदखदा हसली. "म्हशीचा नाई येईन तं काय गुलाबाचा येईन? तुहा बाप काय अत्तर इकते?"

हसली खरी, पण त्या दिवसापासून गोठ्यातून आली की हातपाय धुऊन, लुगडं बदलून मगच माझ्याजवळ बसायची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. हे आता लिहितानासुद्धा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं मला.

आमचं गाव धनजपासून दीड कोसावर. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. घरात बाबा, माय, मी आणि चार महिन्यांचा माझा भाऊ. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. घर तिच्या तोंडावर चालायचं आणि ते तोंड फार तिखट होतं. धाकटे काका कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला होते, हंगाम संपल्यावर घरी यायचे. त्यांची बायको म्हणजे काकू. तिचं माहेर मानोऱ्याकडचं, वय असेल वीस-एकवीस. अबोल, आणि भित्री तरी किती? पाल दिसली तरी ओट्यावर पळायची. तिच्या अंगावर सहा महिन्यांची पोरगी पीत होती. एवढीच माणसं, आणि त्यांतलंच एक गेलं.

माय पाच दिवसांच्या तापानं गेली. पौषाचे दिवस, कापूस घरात आलेला, सगळे वेचणीच्या घाईत, आणि ताप म्हणजे काय, येतो आणि जातो, असं सगळ्यांना वाटलेलं. सहाव्या दिवशी सकाळी बाबा तिला कारंज्याच्या डॉक्टरकडं न्यायला गाडी जुंपत होते. दुसरा बैल जुवाखाली येईपर्यंत आत्याची किंकाळी ऐकू आली. बाबांनी बैलाचं दावं हातातून सोडलंसुद्धा नाही, तसेच दारात येऊन उभे राहिले.

मी रडले नाही. लोकांनी मला रडवायचे फार प्रयत्न केले. बाया गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि मधूनच डोळे पुसत माझ्याकडं पाहायच्या, हिला येतं का म्हणून. मला काहीच येत नव्हतं. कानात सारखं घूं घूं वाजत होतं, आणि लोक बोलायचे ते फार लांबून बोलल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला कपड्यांचा ढीग दाखवला. "हे समदं नाल्यावर ने. गेल्या माणसाची एक चिंधी बी न धुतल्याची घरात ठेवू नोको."

मायची दोन लुगडी, चोळ्या, तिच्या अंगाखालची गोधडी, उशाची चुंबळ. बाळाची झोळी मायच्या लुगड्याची होती, तीही. त्याची दुपटी तिच्याच जुन्या लुगड्यातून फाडलेली, तीही. आई गेली आणि पोरीनं धुणंसुद्धा धड धुतलं नाही, असं कोणी म्हणायला नको, या ईर्ष्येनं मी पेटले होते. नाल्याच्या काठावर तीन दगड मांडून डेगीत सोड्याचं पाणी उकळलं आणि सगळं त्यात घातलं. वर काठीनं ढवळलं, दगडावर आपटलं, पुन्हा उकळलं. सोड्यानं माझ्या बोटांची सालं निघाली. वाळवून घरी आणलं तेव्हा एकाही कपड्याला सोड्याशिवाय कसलाच वास नव्हता. आत्यानं नाकाशी धरून पाहिलं आणि म्हणाली, "मायच्या वानी कामाची हायेस." त्या दिवसात तेवढं एकच वाक्य मला नीट ऐकू आलं.

इतकी मोठी चूक मी त्यानंतर जन्मात केली नाही, आणि तिच्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

माय गेली त्या दिवशी बाळ काकूच्या अंगावर दोनदा प्यायला होता. थोडं, कुरकुरत, पण प्यायला होता. भोवती तेव्हा मायचीच दुपटी होती. माझं धुणं झालं, झोळी परत बांधली, धुतलेलं दुपटं त्याच्याभोवती गुंडाळलं, आणि त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. काकूनं जवळ घेतलं की मान फिरवायचा. जबरदस्ती केली की पाठ ताठ करून लाल होईपर्यंत ओरडायचा. कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध घातलं तर तेवढंच ओकून टाकायचा. काकूचं दूध गळून गळून चोळी भिजायची आणि हा हातभर अंतरावर उपाशी. तिची स्वतःची पोरगी पिऊन गुबगुबीत आणि हा तासातासाला वाळत चाललेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं रडणं बंद केलं. आधी मला वाटलं, झोपला. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे उघडे. टाळू आत गेलेली, ओठ कोरडे, आणि नजर आढ्याकडं. पोरगं रडत असतं तोवर घरात सगळे कटकट करतात. ते गप्प झालं आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. तीन दिवसांत ते पहिल्यांदा बोलले.

"मायच्या मांगं चाल्ला थो," ते म्हणाले. "जाऊ द्या त्याले."

बाप असं बोलतो? आत्या त्यांच्या अंगावर धावून गेली. "तोंड सांभाय! जाऊ द्या म्हणते भैताड!" पण तिचाही आवाज फाटला होता.

तेवढ्यात गोठ्यातून म्हैस ओरडली. माय आजारी पडल्यापासून तिची धार नीट निघाली नव्हती, आणि दोन दिवस तर कोणी काढलीच नव्हती. तिची कास दगडासारखी झालेली. ती नुसती ओरडत नव्हती, बोंबलत होती. आत्या गंज घेऊन गोठ्यात गेली आणि मी तिच्या मागं गेले, घरात थांबवेना म्हणून.

खुंटीवर मायचं लुगडं होतं. ते धुवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. आमच्या लेखी ते मायचं नव्हतंच, म्हशीचं होतं. आत्यानं हात पुढं केला आणि थबकली. सुतकात, गेलेल्या बाईचं, न धुतलेलं लुगडं अंगावर घ्यायचं? मग म्हैस पुन्हा ओरडली. आत्यानं डोळे मिटून ते गुंडाळलं आणि खाली बसली. म्हशीनं मान वळवली. हुंगलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं लांब श्वास सोडला आणि आत्यानं हात लावायच्या आधी चारी सडांतून दूध ठिबकायला लागलं.

आत्या तशीच बसून राहिली. धार काढेना. गंज आडवा पडला, तो उचलेना.

"हे बाप्पा," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "तू पानी घेऊन ये इहिरीवरून. जा, पय!"

पाणी कशाला हवं ते मी विचारलं नाही. मी गेले. त्या वेळी घरात काय झालं ते काकूनं मला खूप वर्षांनी सांगितलं. आत्या ते लुगडं घेऊन तिच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "नेस." काकू मागं सरकत सरकत भिंतीला लागली.

"बाई, माह्या अंगावर पेती पोरगी हाये. मेल्या बाईचं न धुतल्याचं लुगडं नेसू? तिचा जीव गुतला असन त्याच्यात. माह्या पोरीले काही झालं तं?"

"तुह्या पोरीले मी पायतो. हे पोट्टं मरून राह्यलं."

"मले भेव वाटते वो, बाई."

"मंग तिले सांगजो, नंदेनं नेसवलं, लागाचं असन तं नंदेले लाग. माहं नाव घेजो. माह्या मांगं कोनी रडनारं नाई."

काकूनं आपल्या पोरीकडं पाहिलं, मग झोळीकडं पाहिलं. आणि नेसली. पालीला भिणारी ती बाई नेसली.

मी घागर घेऊन परत आले. आतली खोली अंधारी, दिवसासुद्धा. उंबरठ्यातून आत पाय टाकला आणि माय आली.

दुसरं काय सांगू? वास आला असं नाही म्हणत मी. माय आली. तिचा घाम, धूर, ढेप, दूध, ती सगळीच्या सगळी त्या खोलीत होती. चुलीजवळ माझ्याकडं पाठ करून तिच्याच लुगड्यात एक बाई बसली होती, मांडी घालून, माय बसायची तशीच. माझ्या हातातली घागर पडली. तीन दिवस लोक मला खोटं सांगत होते, असं वाटलं. मला राग नाही आला, काही नाही आलं, नुसता आनंद, इतका की छाती फुटेल. "माय!" म्हणून मी धावले आणि मागून तिच्या गळ्यात पडले.

तिनं मान वळवली. ती काकू होती.

तसा धक्का मला मायच्या मरणानंही बसला नव्हता. मायला नेलं तेव्हा मी सुन्न होते. आता मात्र मला सगळं कळलं, एकदम, अंगावर भिंत पडल्यासारखं. माय गेली होती आणि तिच्या लुगड्यात ही बसली होती. मी तिच्या दंडाला चावले. रक्त येईपर्यंत चावले. काकूनं हात हलवला नाही, तोंडातून आवाज काढला नाही. तिचे डोळे पाण्यानं भरले, पण ती दगडासारखी बसून राहिली. का, ते मला मग दिसलं. तिच्या पदराखाली बाळ होता आणि तो पीत होता. चुटूचुटू आवाज येत होता. ती हलली असती तर त्याचं तोंड सुटलं असतं.

"काढ थे!" मी ओरडले. "माह्या मायचं हाये थे! काढ!"

आत्यानं मला एक ठेवून दिली आणि दंडाला धरून बाहेर ओढलं. बाहेर आणल्यावर मात्र तिनंच मला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघी ओसरीवर मटकन बसलो. दारात बाबा उभे होते. आत बाळ पीत होता. बाबा खाली बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून पोरासारखे रडले.

त्यानंतर रोजचंच झालं. बाळ उठला की काकूनं ते लुगडं गुंडाळायचं, पाजायचं, काढून आतल्या खुंटीला टांगायचं. सकाळ-संध्याकाळ आत्या तेच घेऊन गोठ्यात जायची. एका लुगड्यावर म्हैस आणि पोरगं दोन्ही चालली होती. शेजारणींना कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेतले. आत्यानं त्यांना काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाळाचे गाल भरायला लागले आणि माझा त्याच्यावरचा राग वाढायला लागला. हो, राग. खोटं कशाला बोलू? हा जन्मला आणि चार महिन्यांत माय गेली. तिचं जे उरलं होतं तेही यालाच. मी खुंटीजवळ गेले तरी आत्या खेकसायची, "हात नोको लावू, वास जाईन!" दिवसातून सहा वेळा काकू ते अंगाला लावायची, आणि मी, तिची पोटची पोरगी, मी हुंगलं तर वास जाईल!

माय गेल्याला पंधरवडा झाला असेल. एका दुपारी काकू अंगणात पोरीला न्हाऊ घालत होती, आत्या शेतात. मी लुगडं खुंटीवरून ओढलं आणि कापसाच्या खोलीत पळाले. खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. मी त्या ढिगात खड्डा करून आत शिरले, वरून कापूस ओढून घेतला आणि लुगड्यात तोंड खुपसलं.

आणि मग आलं रडू. पंधरा दिवसांचं सगळं. मायचे हात आठवले, वेणी घालताना कानामागं घासणारी तिची खरबरीत बोटं आठवली. मी तिचे हात झटकले ते आठवलं. ज्या वासाला मी नाक मुरडलं त्यातच तोंड घालून मी म्हणत होते, "माय, नाई म्हणनार आता. नाई म्हणनार. येऊन बस जवय." कोण येणार होतं? कापूस तोंडात जात होता.

थोड्या वेळानं बाळ उठला. मला ऐकू येत होतं. काकूची धावपळ, "लुगडं कुठी गेलं वो माय?" अशी तिची हाक, माझ्या नावाच्या हाका. आत्या आली, तिच्या शिव्या ऐकू आल्या. बाळ रडत होता, मी गप्प. मी जागची हलले नाही. राहू दे उपाशी, असं मनात म्हटलं. त्यानं खाल्ली तिला, आता राहू दे एक दिवस उपाशी. मी हे म्हटलं, मी, शब्दन् शब्द मला आठवतो. दुपार कलली. बाळ रडत होता. उन्हं उतरली. त्याचा आवाज बसला, चिरका झाला.

आणि मग बंद झाला.

तीच शांतता. टाळू आत गेलेली, नजर आढ्याकडं, तीच. आपण काय केलं हे कळलं आणि मी कापसातून बाहेर पडले, धडपडत, लुगडं छातीशी धरून. "घ्या, घ्या!" ओरडत घरात आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्यानं हात उगारला. पण काकूनं मध्येच लुगडं घेतलं, गुंडाळलं, बाळाला पदराखाली घेतलं. त्यानं मान फिरवली. लुगड्याला आता कापसाचा वास होता, माझा होता. पुन्हा मान फिरवली. मी मेले असते तर बरं, असं वाटलं. मग त्यानं नाक लुगड्याला घासलं, एकदा हुंदका दिला आणि ओढायला लागला.

मी मार खायला उभीच होते. काकूनं मोकळा हात लांब केला, मला मनगटाला धरून खाली बसवलं आणि उरलेला पदर माझ्या डोक्यावरून ओढला.

"तू बी बस," ती म्हणाली. "कायले चोरून नेते? लुगडं नऊ वार हाये."

एवढंच. माझ्या दातांचे वण तिच्या दंडावरून अजून मिटलेले नव्हते, आणि ती मला त्याच दंडाखाली घेऊन बसली होती. मग मी रोज बसायचे. तो एका बाजूला प्यायचा, मी दुसऱ्या बाजूला नुसती श्वास घेत.

होळीच्या आसपास बाळ लुगड्याशिवाय प्यायला लागला. एक दिवस काकूनं ते घडी करून माझ्या हातात ठेवलं. "घे, आता हे तुहं."

मी ते घेऊन पुन्हा कापसाच्या खोलीत गेले. कापूस विकला गेला होता, खोली रिकामी. मी लुगडं तोंडाशी धरलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. उलटून, दुसऱ्या टोकाला, काठाजवळ. त्यात काकू होती. काकूचं दूध, काकूचं डोक्याचं तेल, तिच्या पोरीची लाळ. माय नव्हती. कुठंच नव्हती. मग मला सुचलं, म्हशीला कळेल. मी गोठ्याकडं धावले. तिथं काकू धारेला बसली होती, साध्या तिच्या स्वतःच्या लुगड्यात, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. गंज भरत आला होता. म्हशीनंही मायला सोडलं होतं. मी लुगडं हातात धरून गोठ्याच्या दारात उभी राहिले.

काकूच्या पोरीला काही झालं नाही. ती आज नातवंडांची आजी आहे. आत्यानं मात्र आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती की पोराला हे सांगायचं नाही. मेलेल्या बाईच्या लुगड्यावर जगलेला म्हणून लोक त्याला नावं ठेवतील. आम्ही ती शपथ पाळली. आपली माय लहानपणी गेली, काकूनं वाढवलं, एवढंच त्याला माहीत. तो काकूला माय म्हणायचा, मी काकू म्हणायचे.

पुढं बाबा गेले, आत्या गेली, म्हैस तर कधीच गेली होती. भाऊ वाशीमला कोर्टात कारकून लागला आणि काका गेल्यावर काकूला घेऊन तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. तिथंच ती म्हातारी होऊन गेली. मी पोहोचले तेव्हा दुसरा दिवस होता. भावानं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्याची बायको, शेजारी, सगळे विनवून थकले. ताट पुढं केलं की तो मान फिरवायचा. पंचेचाळिशीला आलेला बाप्या, पण मान फिरवायची तऱ्हा तीच, चार महिन्यांची.

काकूचे कपडे धुवायला काढायचं काम माझ्याकडं आलं. हे काम दर वेळी माझ्याकडंच कसं येतं देव जाणे. ढीग उचलला, आणि नाक जवळ गेलं. "माय," मी म्हणाले. विचार करून नाही म्हटलं, तोंडातून निघून गेलं. आणि खरंच ती माय होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी जिला शोधत होते ती या लुगड्यात होती, किंवा माझ्या नाकाला दोघींमधला फरक राहिला नव्हता, मला माहीत नाही. मी तिथंच फरशीवर बसले.

भाऊ दारात उभा होता. "काय झालं वो ताई?"

मी लुगडं पुढं केलं. त्यानं ते तोंडाशी नेलं, बराच वेळ तसंच धरलं. मग गोंधळून माझ्याकडं पाहिलं.

"याले म्हशीचा वास काहून येऊन राह्यला?"

त्या खोल्यांत म्हैस कधी नव्हती. वाशीमच्या त्या गल्लीत म्हैस बांधायला जागा नव्हती. आत्याची शपथ तिथंच मोडली. मी त्याला सगळं सांगितलं. म्हशीचं लुगडं, सोड्याचं धुणं, काकूचा दंड. ती कापसाची दुपारही सांगितली. ती सांगताना मी त्याच्याकडं पाहू शकले नाही.

तो माझ्यासमोर खाली बसला होता. लुगडं मांडीवर.

"किती येळ ठेवलं मले उपाशी?"

"दुपारपासून दिवेलागणीलोग."

त्यानं लुगड्याची घडी केली, नीट, काठाला काठ लावून.

"तवापासून भूक लागून राह्यली मले," तो म्हणाला. "वाढ मंग आता."

मी उठले, ताट वाढलं, आणि तो दोन भाकरी जेवेपर्यंत त्याच्यासमोरून हलले नाही.